खर्चाची रेषा आणि दहावीचा आलेख : अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसदराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत बीजगणित शिकलेला विद्यार्थी दोन चलांतील रेषीय समीकरणाचा आलेख काढू शकतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तक्ता पूर्ण करणे, बिंदू स्थापन करणे, पट्टी लावून रेषा ओढणे आणि दोन रेषांच्या छेदनबिंदूचे निर्देशक लिहिणे ही कृती त्याच्या हाताला बसलेली असते. तथापि हाच विद्यार्थी वाणिज्य अथवा अर्थशास्त्राच्या पदवी वर्गात आल्यावर फळ्यावरील एकूण खर्चाच्या रेषेपुढे अडखळतो. ही रेषा आरंभबिंदूतून का निघत नाही, आणि तिचा चढ वाढला म्हणजे नेमके काय वाढले, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी नसतात. रेषा काढता येणे आणि रेषा वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांपैकी पहिलीच शाळेत शिकवली जाते.

प्रस्तुत निबंधात राज्याच्या पाठ्यपुस्तकांतील रेषीय आलेखाच्या मांडणीची चिकित्सा केली आहे. चिकित्सेसाठी निकष म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील ऊसदराचा व्यवहार घेतला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात उभा राहिला. येथील असंख्य कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न आजही एका रेषीय समीकरणावर ठरते, आणि ते समीकरण दहावीच्या बीजगणिताच्या आवाक्यातील आहे.

पाठ्यपुस्तकातील रेषा

बालभारतीने २०१८ मध्ये प्रकाशित केलेल्या इयत्ता दहावीच्या ‘गणित भाग १’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. लोप पद्धत, आलेख पद्धत, निश्चयक आणि क्रेमरची पद्धत, रेषीय रूपात आणता येणारी समीकरणे आणि अखेरीस शाब्दिक उदाहरणे असा त्याचा क्रम आहे. प्रकरणाची बांधणी नेटकी आहे आणि पायऱ्या सुबोध आहेत, हे प्रथम नमूद केले पाहिजे. दोष पायऱ्यांत नाही. आलेखाला दिलेल्या स्थानात आहे.

पुस्तक आलेखाकडे केवळ उकल शोधण्याचे एक साधन म्हणून पाहते. दोन रेषा काढायच्या, त्या जेथे छेदतात तो बिंदू वाचायचा आणि रेषांचे काम संपले. लगेच पुढे निश्चयकाची पद्धत येते व तीच उकल अधिक अचूकपणे, कमी वेळात आणि आलेख कागदाशिवाय देते. हुशार विद्यार्थ्याच्या मनात मग स्वाभाविकपणे प्रश्न उभा राहतो की आलेख काढायचा तरी कशासाठी? चार ओळींत मिळणाऱ्या उत्तरासाठी पानभर खटाटोप करण्याचे परीक्षेतील गुणांखेरीज दुसरे कारण त्याला दिसत नाही, आणि पुस्तकही ते दाखवत नाही.

दुसरी बाब समीकरणाच्या रूपाची आहे. दोन्ही चले डावीकडे आणि स्थिरपद उजवीकडे, अथवा सर्व पदे डावीकडे आणि उजवीकडे शून्य, हे पुस्तकाचे आवडते रूप होय. या रूपात क्ष आणि य यांचा दर्जा सारखाच राहतो. दोन संख्यांची बेरीज ३ आहे, असे म्हटले की कोणती संख्या कोणावर अवलंबून आहे हा प्रश्नच उरत नाही. खर्चाच्या व्यवहारात अशी समानता कधीच नसते. किलोमीटर वाढतात म्हणून भाडे वाढते. भाडे वाढल्यामुळे किलोमीटर वाढत नाहीत. एक चल ठरवणारे आणि दुसरे ठरणारे, हा संबंध स्पष्ट करणारे रूप म्हणजे ‘य बरोबर चढ गुणिले क्ष, अधिक स्थिर रक्कम’. बीजगणिताच्या पुस्तकाचा भर या रूपावर नाही.

हे ज्ञान पुस्तकांत अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ते विखुरलेले आहे. इयत्ता आठवीत ‘चलन’ या प्रकरणात समचलन शिकवले जाते. तेथे वस्तूंची संख्या आणि किंमत यांचा संबंध येतो, परंतु ती रेषा नेहमी आरंभबिंदूतूनच जाणारी असते. नववीत रेषेचा आलेख निर्देशक भूमितीत येतो. दहावीत ‘चढ’ ही संकल्पना ‘गणित भाग २’ मध्ये, म्हणजे भूमितीत येते. तेथे ती कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणून व दोन बिंदूंवरून काढायचे गुणोत्तर म्हणून शिकवली जाते आणि बिंदू एकरेषीय आहेत काय, रेषा समांतर आहेत काय, एवढ्यासाठी वापरली जाते. पैशाचा व्यवहार ‘अर्थनियोजन’ या स्वतंत्र प्रकरणात वस्तू व सेवा कर आणि शेअर्स यांच्या रूपाने येतो. समप्रमाण एका इयत्तेत, रेषा दुसऱ्या ठिकाणी, चढ दुसऱ्या पुस्तकात आणि रुपया चौथ्या प्रकरणात, अशी ही विभागणी आहे. चारही गोष्टी एकत्र आल्या तर खर्चाची रेषा तयार होते. त्या एकत्र येत नाहीत.

राष्ट्रीय पातळीवरील पुस्तकही या बाबतीत फारसे पुढे गेले नव्हते. एन.सी.ई.आर.टी.च्या २००६ च्या नववीच्या पुस्तकात टॅक्सीभाड्याचे एक प्रसिद्ध उदाहरण होते. पहिल्या किलोमीटरला ८ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरला ५ रुपये, यावरून समीकरण मांडून आलेख काढावयाचा होता. समीकरण य = ५क्ष + ३ असे येते. येथे खरा मनोवेधक प्रश्न ३ या संख्येचा आहे. कोणताही प्रवासी ३ रुपये देत नाही; गाडीत बसताच ८ रुपये द्यावे लागतात. मग रेषा उभ्या अक्षाला ३ वर का मिळते, आणि पहिल्या किलोमीटरच्या आत ती खरी मानायची की नाही? उदाहरण मात्र आलेख काढून थांबत होते.

आपल्याकडील पुस्तकात रेषेच्या दोन्ही टोकांना बाण काढण्याची पद्धत आहे. भूमितीतील रेषेला ते शोभते. खर्चाच्या रेषेला बहुधा एक सुरुवात असते, कित्येकदा शेवटही असतो, आणि मध्येच ती वाकतेही. शिवाय अक्षांवर एकके नसतात. ‘१ सेमी = १ एकक, दोन्ही अक्षांवर’ हे प्रमाण कागदाच्या कोपऱ्यात लिहिण्याचा रिवाज इतका पक्का झाला आहे की आडव्या अक्षावर टक्के आणि उभ्या अक्षावर रुपये असे काही असू शकते, ही कल्पनाच विद्यार्थ्याला परकी वाटते.

उसाच्या दराची रेषा

केंद्र सरकार दरवर्षी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, जाहीर करते. ही पद्धत २००९-१० च्या हंगामापासून लागू झाली. वर्तमानपत्रातील मथळा एकाच आकड्याचा असतो. प्रत्यक्षात दर ही एक संख्या नसून एक रेषा असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेला दर असा : साखर उतारा १०.२५ टक्के असल्यास क्विंटलला ३५५ रुपये. उतारा त्याहून दर ०.१ टक्क्याने वाढल्यास ३.४६ रुपये अधिक, कमी झाल्यास तितकेच कमी. मात्र उतारा ९.५ टक्क्यांहून कमी असला तरी दर ३२९.०५ रुपयांखाली जाणार नाही.

शेतकरी टनाच्या भाषेत बोलतो, म्हणून आकडे टनात घेऊ. उताऱ्याची टक्केवारी क्ष आणि टनाचा दर य मानल्यास ९.५ आणि त्यापुढील उताऱ्यासाठी समीकरण य = ३५५० + ३४६ (क्ष − १०.२५) असे होते; सोपे रूप दिल्यास य = ३४६क्ष + ३.५०. साडेतीन रुपयांचे स्थिरपद नगण्य आहे. म्हणजे ही रेषा जवळजवळ आरंभबिंदूतूनच येते आणि दर हा उताऱ्याच्या समप्रमाणात आहे. आठवीतील समचलनच येथे भेटते. फक्त ९.५ टक्क्यांच्या डावीकडे ती रेषा ३२९०.५० रुपयांच्या उंचीवर आडवी होते. कमी उताऱ्याच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला दिलेले संरक्षण म्हणजे रेषेचा हा आडवा तुकडा.

या रेषेतील चढाला शेतकऱ्याच्या लेखी थेट अर्थ आहे. उतारा ०.१ टक्क्याने इकडेतिकडे झाला तर टनामागे ३४ रुपये ६० पैशांचा फरक पडतो. शंभर टन ऊस घालणाऱ्यासाठी हा फरक ३,४६० रुपयांचा, तर हंगामात पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यासाठी १ कोटी ७३ लाखांचा होतो. क्षची किंमत कोण, केव्हा आणि कशी ठरवतो याला म्हणूनच महत्त्व येते. हा उतारा एकट्या शेतकऱ्याच्या उसाचा नसून कारखान्याचा सरासरी उतारा असतो. रसाचा अथवा बी-हेवी मळीचा काही भाग इथेनॉलकडे वळवला की साखरेच्या पोत्यांवरून दिसणारा उतारा घटतो आणि ती घट हिशेबात पुन्हा मिळवावी लागते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय घेतला होता. पहिला हप्ता महसूल विभागनिहाय ठरवलेल्या उताऱ्यावर आणि उर्वरित रक्कम हंगामाचा प्रत्यक्ष उतारा निश्चित झाल्यावर, अशी त्यात योजना होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला. गणिताच्या दृष्टीने पाहता हा सारा वाद एकाच रेषेवरील कोणता बिंदू केव्हा धरायचा, याविषयीचा होता.

पायाभूत उताऱ्याचे स्थलांतर

रेषा वाचता न येण्याची किंमत सर्वांत स्पष्टपणे दिसते ती दरवाढीच्या जाहिरातीत. २०१७-१८ मध्ये ९.५ टक्के उताऱ्यास टनाला २,५५० रुपये दर होता आणि पुढे उताऱ्याच्या प्रत्येक टक्क्याला २६८ रुपये होते. जुलै २०१८ मध्ये पुढील हंगामासाठी २,७५० रुपये जाहीर झाले. मथळ्यातील वाढ २०० रुपयांची. परंतु हा नवा आकडा ९.५ टक्क्यांना नव्हता; पायाभूत उतारा त्याच वेळी १० टक्के करण्यात आला होता. जुन्या रेषेवर १० टक्क्यांचा बिंदू वाचला तर तेथे २,६८४ रुपये आधीच मिळत होते. त्या उताऱ्याच्या कारखान्याची खरी वाढ म्हणून ६६ रुपयांची ठरते. बीजगणिताने सांगायचे तर जुनी रेषा य = २६८क्ष + ४ आणि नवी य = २७५क्ष; दोहोंतील अंतर ७क्ष − ४. हे अंतर २०० होण्यासाठी उतारा २९ टक्क्यांहून अधिक हवा.

हाच प्रकार चार वर्षांनी पुन्हा घडला. २०२१-२२ चा दर १० टक्क्यांना २,९०० रुपये आणि पुढील प्रत्येक टक्क्याला २९० रुपये, म्हणजे नेमके य = २९०क्ष असा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये ३,०५० रुपये जाहीर झाले ते १०.२५ टक्क्यांना, प्रत्येक टक्क्याला ३०५ रुपये या हिशेबाने. मथळ्यात १५० रुपयांची वाढ दिसली. १०.२५ टक्क्यांवर जुन्या रेषेने २,९७२.५० रुपये येतातच. तेव्हा वाढ ७७.५० रुपयांची, जवळजवळ निम्मी. ९.५ टक्क्यांना ती ६६.२५ आणि १२ टक्क्यांना १०३.७५ रुपये भरते. पूर्ण १५० रुपयांची वाढ मिळण्यासाठी साडेपंधरा नव्हे तरी पंधरा टक्क्यांहून थोडा अधिक उतारा लागला असता, आणि तसा उतारा या जिल्ह्यातील कोणत्याही कारखान्याच्या स्वप्नातही येत नाही.

येथे सरकारने काही लपवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पायाभूत उतारा, वाढीचा दर, किमान रक्कम हे तिन्ही आकडे दोन्ही वेळा प्रसिद्धिपत्रकात दिलेले होते. शेतकरी संघटनांनी या बदलावर टीका केली तीही त्याच आकड्यांच्या आधारे. प्रश्न असा आहे की जाहीर झालेले आकडे हाताशी असूनही ते एका कागदावर दोन रेषा म्हणून मांडण्याची सवय किती जणांना असते? दहावी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाने अशा दोन रेषा परीक्षेत काढलेल्या असतात. येथे त्यांच्यातील छेदनबिंदू शोधायचा नसून त्यांच्यामधील उभे अंतर वाचायचे आहे, एवढाच काय तो फरक. शाळेतील आलेखात छेदनबिंदूच्या डावी-उजवीकडे काय घडते याची कोणी चौकशी करीत नाही, म्हणून ती सवय लागत नाही.

एक तांत्रिक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. या रेषा शालेय आलेख कागदावर आरंभबिंदूपासून काढल्या तर त्या एकमेकींना चिकटून दिसतील. आडवा अक्ष ९ पासून व उभा अक्ष २,५०० पासून सुरू करावा लागतो, अक्षावर तुटकतेची खूण करावी लागते, आणि असा तुटक अक्ष फरक फुगवून दाखवतो हेही त्याच वेळी सांगावे लागते. वर्तमानपत्रांतील बहुसंख्य आलेख याच युक्तीने काढलेले असतात. दहावीच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट समजू शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

छेदनबिंदू आणि ऋण बाजू

पाठ्यपुस्तकातील छेदनबिंदूची पद्धत व्यवहारात निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. एफआरपीतून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती रक्कम पडते. ही वजावट सर्वसाधारणपणे सरासरीने, सर्वांना सारखी होते. हिशेबासाठी असे मानू की तोडणी व भरणीचा खर्च टनाला ४५० रुपये आणि वाहतुकीचा खर्च किलोमीटरला ९ रुपये आहे. प्रत्यक्ष खर्चाची रेषा ४५० वरून सुरू होऊन चढत जाते. सरासरी वजावट ६७५ रुपये धरल्यास ती एक आडवी रेषा होते. दोन्ही रेषा २५ किलोमीटरवर छेदतात. दहा किलोमीटरवरच्या शेतकऱ्याचा खर्च ५४० असून त्याच्याकडून ६७५ घेतले जातात, तर चाळीस किलोमीटरवरच्याचा खर्च ८१० असूनही त्याला तेवढेच द्यावे लागतात. कारखान्याच्या कुंपणालगतचा सभासद वार्षिक सभेत कशाविषयी तक्रार करतो आणि लांबचा गप्प का बसतो, हे या एका छेदनबिंदूवरून कळते.

ऊस हा संपूर्ण जिल्ह्याचा विषय नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. प्रवरा-गोदावरी खोऱ्यातील कालव्यांखालची शेती एकीकडे आणि पाथर्डी-जामखेडकडील कोरडवाहू पट्टा दुसरीकडे. दुसऱ्या पट्ट्यातील शाळेत उताऱ्याच्या रेषेचे कोणाला काय, असा तो आक्षेप असेल. परंतु पाथर्डी तालुक्यातून दर हंगामात ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि त्यांच्या हिशेबाची रेषा बागायतदाराच्या रेषेहून अधिक शिकवणारी आहे. तोडणी कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढे तोडलेल्या टनांवर ती फिटत जाते. पुन्हा हिशेबापुरते मानू की एका कोयत्याची उचल एक लाख रुपये आणि तोडणीचा दर टनाला ४०० रुपये आहे. तोडलेले टन क्ष आणि जोडप्याची शिल्लक य धरल्यास य = ४००क्ष − १,००,०००. ही रेषा आडव्या अक्षाच्या खाली सुरू होते. पाठ्यपुस्तकात जो ऋण भाग निव्वळ बाण काढण्यासाठी असतो, त्याला येथे कर्ज हे नाव आहे.

या रेषेवर दोन बिंदू महत्त्वाचे आहेत. उभ्या अक्षावरील उणे एक लाख हा पहिला. तो कामगाराला तोंडपाठ असतो. दुसरा आडव्या अक्षावरील २५० टनांचा. दिवसाला दोन टन तोड धरली तर तेथे पोहोचायला १२५ दिवस लागतात, आणि त्यानंतरचा प्रत्येक टन तेवढा त्याच्या पदरात पडतो. अवर्षणामुळे ऊस कमी असला आणि हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर रेषा आडव्या अक्षाला न भेटताच, उणे वीस हजारांवर थांबते. ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. चढ तोच राहिला तरी नवी रेषा तेवढी खालून सुरू होते आणि फिटण्याचा बिंदू २५० वरून ३०० टनांवर सरकतो. दिवसाला दोन टनांच्या हिशेबाने ते दीडशे दिवस होतात.